हंगामाच्या तोंडावर

आमच्या पूर्वजांपैकी कोणी पानिपतास गेला होता असा दाखला नाही. तेव्हा खंडेनवमीच्या दिवशी पुजण्यास आमच्या घरी तलवार नाही की कट्यार नाही. पाटावर जी शस्त्रे मांडली जातात ती म्हणजे आईची विळी, आमचे जुने फौंटनपेन, धाकट्या बंधूंची पान्ह्यांची पेटी, आणि या सर्वांच्या मधोमध तुतीच्या लाकडाची एक हॉकी स्टिक. ती आमच्या वडिलांची. मुठीवरची पट्टी कधीच सुटून गेली आहे आणि वाकड्या टोकाचे लाकूड झिजून केसाळ झाले आहे. पण हळदकुंकू तिला पहिले लागते व विळीला मागाहून.

या स्टिकच्या शेजारी पितळेचा एक कडीचा डबा ठेवलेला असतो. नव्या पाहुण्यास त्याचे कोडे पडते. दोन किलो पेढे सहज मावावेत एवढा तो मोठा आहे, दर दसऱ्याला चिंच लावून तो लख्ख घासला जातो, आणि सारे वर्षभर तो फडताळाच्या वरच्या फळीवर रिकामा बसून असतो. आमच्या घरात डब्यांचा सुकाळ आहे असे नव्हे. दिवाळीत करंज्या ठेवायला जागा पुरेनाशी झाली की आईची दृष्टी त्या फळीकडे जाई, आणि वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, “तो नाही.”

या नकाराचा इतिहास असा आहे. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूर येथे हॉकीच्या विश्वचषकाचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये झाला. आम्ही त्या वेळी दहा वर्षांचे होतो. राहणे खडकीस होते. वडील तेथल्या एका कारखान्यात नोकरीला असत आणि संध्याकाळी मुरमाच्या मैदानावर ‘लेफ्ट आउट’च्या जागी खेळत. पुणे शहरात क्रिकेटचे राज्य असले तरी नदीपलीकडच्या आमच्या खडकीत पोरांच्या हाती प्रथम स्टिक येई. पुढे ज्यांनी देशाचे नेतृत्व केले ते धनराज पिल्ले त्या वेळी याच खडकीत सहा वर्षांचे बालक होते. असो. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती आमची सारी चाळ गोळा झाली होती. जसदेवसिंगांचे धावते वर्णन चालू होते आणि ते श्वास घेत तेवढ्या अवकाशातच आम्हीही घेत होतो. पहिला गोल पाकिस्तानने केला. सुरजितसिंगांनी तो फेडला. मग अशोककुमारांचा तो फटका! चेंडू खांबाच्या आतल्या कोपऱ्यास लागून मागे आला, पाकिस्तानच्या खेळाडूंनी गोल झालाच नाही म्हणून हात वर केले. परंतु पंचांनी गोल दिला आणि अजितपालसिंगांच्या संघाने २–१ असा विश्वचषक जिंकला. ध्यानचंदांच्या चिरंजिवांनी ही कामगिरी करावी याचे वडिलांना इतके भरून आले की त्यांनी महिनाअखेरीची पर्वा न करता दोन किलो पेढे आणले व या डब्यातून चाळीत घरोघर वाटले. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो स्वतः घासला आणि आईस सांगितले, “हा आता यालाच. तीन वर्षांनी पुन्हा लागेल.”

तीन वर्षांनी लागला नाही. पन्नास वर्षांतही लागला नाही.

वडिलांच्या या नेमास एक पोटनियम होता, आणि तोही आम्हांस सांगितला पाहिजे. १९८० साली मॉस्को येथे स्पेनचा ४–३ असा पराभव करून आपल्या संघाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले, ते आठवे. आम्ही धावत जाऊन फळीवरचा डबा काढला. वडील हसले, पण त्यांनी तो आमच्या हातून घेऊन परत ठेवला. बहिष्कारामुळे बलाढ्य संघ आलेच नव्हते, सहाच संघांत स्पर्धा झाली होती, हे त्यांना टोचत होते. त्यांनी चिमूट चिमूट साखर आमच्या हातांवर घातली व निकाल दिला, “आनंद आहे, पण साखरेचा. पेढ्यांचा नव्हे.” तेव्हापासून आमच्या घरी विजयाची दोन मापे झाली.

पुढच्या काळात साखरही महाग झाली. १९८२ च्या जानेवारीत विश्वचषकाची स्पर्धा खुद्द मुंबईस भरली होती. वडिलांनी रजा काढून आम्हांस बरोबर नेले, आणि पिशवीत आईच्या नकळत तो डबा घेतला. आपला संघ पाचवा आला. परतीच्या गाडीत डबा त्यांच्या मांडीवर होता. कर्जतला गाडी थांबली तेव्हा तो बटाटेवड्यांनी भरावा असे आमच्या मनात आले होते, पण त्यांच्या मुद्रेकडे पाहून आम्ही ते बोललो नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानने आपल्यावर सात गोल केले आणि आपला एक झाला. १९८६ साली लंडनच्या विश्वचषकात बारा संघांत आपण बारावे. २००८ साली तर बीजिंगच्या ऑलिंपिकचे दारच आपल्याला उघडले नाही. १९२८ पासून तोपर्यंत असे कधी घडले नव्हते. आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकात पुनश्च बारांत बारावे. त्यानंतर तीन महिन्यांनी वडील गेले. शेवटच्या आठवड्यात आम्ही उशाशी बसलो असता त्यांनी एवढेच विचारले होते, “पुढले सामने केव्हा?”

वडिलांचे मत होते की आपली हॉकी गवताबरोबर गेली. १९७६ साली माँट्रियलला कृत्रिम मैदान आले आणि ऑलिंपिकची सात सुवर्णपदके मिळवलेला संघ सातव्या स्थानी फेकला गेला, हे खरेच आहे. मनगटाच्या नाजूक वळणाने चेंडू स्टिकला चिकटवून नेण्याची जी आपली कला, तिला खडबडीत गवतावर मोल होते. गुळगुळीत मैदानावर धावणे, जोर आणि शिस्त यांचे मोल वाढले. तथापि वडिलांचा हा सिद्धांत आम्हांस पुरता कधीच पटला नाही. गवत सर्वांचेच गेले होते. इतर देशांनी गावोगाव नवी मैदाने घातली आणि आमची मुले मुरमावर शिकून एकदम त्या मैदानावर उभी राहिली, यात गवताचा काय दोष? पण हा वाद आम्ही वडिलांशी कधी तडीस नेला नाही. पराभवाचे एखादे कारण मनुष्याने जपून ठेवले असेल तर ते त्याच्यापासून काढून घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

क्रिकेटच्या भक्तास त्याचा देव वर्षाचे बारा महिने दर्शन देतो. हॉकीच्या भक्ताची गत कोकणातल्या चाकरमान्याच्या म्हाताऱ्या आईसारखी आहे. ती वर्षभर वाट पाहते आणि मुलगा चार दिवसांसाठी येतो. पण ते चार दिवस आले ना! ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे जर्मनीविरुद्ध १–३ असे मागे पडलेले आमचे वीर ५–४ असे पुढे आले. अखेरची सहा सेकंदे राहिली असता जर्मनीस पेनल्टी कॉर्नर मिळाला; श्रीजेशने तो अडवला, आणि एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे पदक घरी आले. त्याच टोकियोत स्त्रियांच्या संघाने ऑस्ट्रेलियास नमवून उपांत्य फेरी गाठली व चौथा क्रमांक मिळवला. आईने वडिलांच्या तसबिरीसमोर वाटीत साखर ठेवली. २०२४ साली पॅरिसला पुन्हा कांस्य आणि पुन्हा साखर. त्या स्पर्धेत ग्रेट ब्रिटनविरुद्ध आपले दहाच खेळाडू चाळीसाहून अधिक मिनिटे लढले व शूटआउटवर जिंकले. तो सामना पाहताना आमचे वय साठीस टेकले आहे याचे भान आम्हांस राहिले नाही आणि चष्मा खाली पडून त्याची काडी मोडली.

ही एवढी प्रस्तावना अशासाठी की, २०२५ सालच्या खंडेनवमीला तो डबा घासताना आमच्या मनात नव्या हंगामाच्या आशा कशा उभ्या राहिल्या ते वाचकांस नीट उमगावे. त्याच सप्टेंबरच्या ७ तारखेस राजगीर येथे दक्षिण कोरियाचा ४–१ असा पराभव करून आपल्या संघाने आशिया चषक जिंकला होता आणि त्यायोगे २०२६ च्या विश्वचषकाचे आमंत्रण मिळवले होते. ती स्पर्धा १५ ते ३० ऑगस्टपर्यंत बेल्जममधील वाव्र आणि हॉलंडमधील ॲम्स्टेलव्हीन येथे ठरली होती. ॲम्स्टेलव्हीन हे ॲम्स्टरडॅमला लागूनच आहे. ॲम्स्टरडॅमला १९२८ साली आपण पहिले सुवर्ण जिंकले, साऱ्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल न होऊ देता. आणि ॲम्स्टेलव्हीनला १९७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉलंडशी २–२ अशी बरोबरी झाल्यावर पेनल्टी स्ट्रोकवर हरलो. एकाच शहराच्या अंगणात आमची एक पावती आणि एक येणे बाकी आहे. रसिकाच्या आशेला याहून अधिक खाद्य कशाला हवे?

आमच्या आशा मात्र मोजून चारच होत्या. पहिली आशा अशी की, हातातला सामना शेवटच्या घटकेस निसटू नये. हे आपले जुने दुखणे. २००० साली सिडनीला पोलंडविरुद्ध एका गोलाने पुढे असता अगदी अखेरच्या क्षणी त्यांनी बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हातची गेली; ती आठवण अद्याप मधूनच रात्री आम्हांस जागे करते. २०२५ च्या जूनमध्ये युरोपच्या दौऱ्यावर आपला संघ लागोपाठ सात सामने हरला. लोकांनी सात हा आकडा पाहिला. आम्ही गोलांचे आकडे पाहिले. सातांपैकी सहा पराभव अवघ्या एकेका गोलाचे होते. जगातल्या उत्तम संघांत आणि आपल्यात एका गोलाचे अंतर आहे असा याचा अर्थ. एक गोल ही गोष्ट लहान आहे, पण ती शेवटच्या पंधरा मिनिटांत, पाय थकले असता, चेंडू उतावीळपणे पुढे न फेकता आपल्यापाशी राखण्याने मिळते. आणि ही शिकवणी दौऱ्यावर मिळत नाही, वर्षभर गिरवावी लागते.

दुसरी आशा ही की, एका माणसाच्या खांद्यावरचा भार काही अंशी तरी उतरावा. पॅरिसला आपल्या संघाने एकंदर पंधरा गोल केले. त्यांतले दहा एकट्या हरमनप्रीतसिंगांचे. पेनल्टी कॉर्नर व पेनल्टी स्ट्रोक हीच त्यांची हुकमी हत्यारे. असा कर्णधार लाभणे हे भाग्य होय. परंतु प्रतिपक्षही आंधळा नसतो. खेळत्या चेंडूवर, गुंफलेल्या चालीतून, आघाडीच्या मुलांनी गोल केलेले आम्हांस पाहायचे आहेत. ध्यानचंदांच्या नावाने क्रीडादिन साजरा करणाऱ्या देशाने एवढी इच्छा धरावी हे गैर नव्हे.

तिसरी आशा गोलरक्षकाविषयी होती. श्रीजेश अठरा वर्षे त्या दोन खांबांमध्ये उभे राहून पॅरिसनंतर निवृत्त झाले. राजगीरच्या संघात कृष्णबहादूर पाठक आणि मुंबईचे सूरज करकेरा हे दोघे होते. वडाचे झाड गेले की त्या जागी लावलेल्या रोपास लोक पहिल्याच उन्हाळ्यात सावली मागतात. या दोघांपैकी जो कोणी उभा राहील त्याच्या पहिल्या चुकीबरोबर कोणी ‘श्रीजेश असता तर’ असे म्हणू नये, अशी आमची आशा. ही आशा वस्तुतः संघाकडून नाही, आमच्यासारख्यांकडून आहे; आणि म्हणून चौथी आशाही येथेच सांगून टाकतो. ती आमची स्वतःकडूनच आहे.

१९८२ च्या त्या डिसेंबरात, सात गोलांच्या संध्याकाळी, चाळीतल्या एकमेव दूरचित्रवाणी संचासमोर आम्ही उभे होतो. वय सतरा. गोलरक्षक होते मीररंजन नेगी. पुढच्या काही दिवसांत देशभर त्यांच्यावर नाही नाही ते आरोप झाले, आणि आम्हीही कॉलेजात छाती काढून तेच बोलत फिरलो. पुरावा काय, याची चौकशी करण्याची आम्हांस गरज वाटली नाही. आमचे दुःख हाच आमचा पुरावा होता. याच गृहस्थांनी पुढे २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या स्त्रियांच्या संघाला शिकवण्याच्या कामी हातभार लावला. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस जी शरम वाटली ती आजतागायत गेलेली नाही. वडील त्या सात गोलांच्या रात्रीही एवढेच म्हणाले होते, “सात गोल एकटा गोलकीपर खात नसतो, दहा जण आधी हरलेले असतात.” आम्ही ते ऐकले होते. ऐकूनही बोललो. आपल्या संघावर आपले प्रेम आहे असे आपण म्हणतो; परंतु जो हरला की आपण त्याला ओळख देत नाही त्याच्यावर आपले प्रेम होते, की केवळ त्याच्या विजयावर आपला लोभ होता?

हे सारे मनात घोळत असता आमची पुतणी पूजेच्या पाटाशी येऊन बसली. ही आमच्या बंधूंची कन्या, वय वर्षे तेरा. त्या वर्षी ती शाळेच्या संघात नव्यानेच निवडली गेली होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिचा पहिला सामना होता. तिने डब्याचे झाकण उघडून आत पाहिले आणि विचारले, “काका, हा नेहमी रिकामाच का असतो?”

आम्ही तिला १९७५ ची हकीकत सांगितली. पेढे आणि साखर यांचा भेदही सांगितला. सांगताना आमचा आवाज, नको म्हणत असता, वडिलांसारखा झाला. तिने सारे ऐकून घेतले व शांतपणे म्हटले, “म्हणजे आम्ही हरलो तर आम्हांला काहीच नाही.”

आम्हांस उत्तर सुचेना. तो नियम विश्वचषकाचा आहे, शाळेच्या सामन्याचा नव्हे, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. तेवढ्यात कोपऱ्यात झेंडूच्या माळा ओवत बसलेली आई बोलली. तिचे वय चौऱ्याऐंशी. “अरे, तुझ्या वडिलांचा तो नेम मी पन्नास वर्षं पाळला. करंज्या परातीत ठेवल्या, पण डबा मागितला नाही. पण मला तो कधी कळला नाही बघ. तू परीक्षेला निघायचास तेव्हा मी तुझ्या हातावर दहीसाखर घालायची की निकाल लागल्यावर?”

“निघताना,” आम्ही म्हटले.

“मग?”

त्यानंतर ती पुन्हा माळ ओवू लागली. आम्ही मात्र बराच वेळ तसेच बसलो होतो. वडिलांचा नेम मोडणे आम्हांस सोपे नव्हते. त्या डब्याचा रिकामेपणा हा आमच्या घरात त्यांचा उरलेला शब्द होता. तो भरून टाकला की ते आणखी थोडे जातील असे वाटत होते. पण त्याचबरोबर हेही दिसत होते की, वडिलांनी स्वतः प्रत्येक हंगामाच्या आरंभी जी आशा धरली ती निकाल पाहून धरली नव्हती. बारावा क्रमांक आल्यावरही ‘पुढले सामने केव्हा’ असे विचारणारा मनुष्य पेढ्यांच्या बाबतीत कंजूष असेल, आशेच्या बाबतीत नव्हता. मुंबईला जाताना त्यांनी डबा बरोबर घेतला होता तो जिंकल्याची खात्री होती म्हणून खासच नव्हे. दहीसाखर ही तरी दुसरे काय असते? तू परत कसाही ये, जाताना आमचे गोड घेऊन जा, एवढेच तीत असते.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही स्वतः बाजारात जाऊन दोन किलो पेढे आणले. आईने डब्यात खाली कागद घालून ते रचले आणि वरचा एक उचलून तसबिरीपुढे ठेवला. पुतणी डबा घेऊन मैदानावर गेली व खेळ सुरू होण्यापूर्वीच तिने तो आपल्या संघात वाटला; शिल्लक राहिले ते प्रतिपक्षाच्या मुलींस दिले. आम्ही कुंपणाशी उभे होतो. आता त्या मैदानावर मुरूम नाही, हिरवा गालिचा आहे. तिच्या संघाने तो सामना एका गोलाने गमावला. आमच्या तोंडून हाय निघाली, आणि लागलीच आम्हांस हसू आले. तोच तो एक गोल!

ती घरी परतली तेव्हा तिचे गुडघे खरचटलेले होते आणि डबा रिकामा होता. आईने तो तिच्या हातून घेतला, आत बोट फिरवून चिकटलेली साखर पाहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, “नीट घासून वर ठेव हो. ऑगस्टात लागेल.”

“जिंकले तर ना?” आम्ही विचारले.

“नाही रे,” ती म्हणाली, “निघतील तेव्हा.”